आत्यांचं खोडलेलं नाव

मतदान शनिवारी आहे असं जाहीर झालं त्या दिवशी आत्यांनी पेपर टेबलावर आपटला आणि विचारलं, "या लोकांना आठवड्यात दुसरा वार सापडला नाही?"

त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार. त्या वेळात जमातीतली जुनी माणसं पेन हातात धरत नाहीत, गाडीत बसत नाहीत, मग मतपत्रिकेवर फुली कुठून मारणार? आगाऊ मतदानाचा अर्ज भरायचा आणि आदल्या आठवड्यात मत देऊन मोकळं व्हायचं, एवढाच मार्ग होता. पण अर्ज चार पानी, अक्षर मुंगीएवढं, आणि जमातीतल्या निम्म्या लोकांनी सत्तरी ओलांडलेली. म्हणून त्या रविवारी सकाळी प्रार्थनामंदिराच्या खालच्या हॉलमध्ये धाकटीने तीन टेबलं मांडली.

धाकटी म्हणजे जमातीच्या अध्यक्षांची धाकटी सून. पेशाने ग्रंथपाल आणि गेल्या वर्षापासून जमातीची चिटणीस. या जमातीत बाई चिटणीस कधी झालीच नव्हती. सासऱ्यांनी कार्यकारिणीसमोर तिच्यासाठी आवाज चढवला होता, "माझी सून आहे म्हणून नाही, तिला याद्या करता येतात म्हणून." या वाक्याचा तिला मनातून फार अभिमान होता. तेच वाक्य दुपारपर्यंत तिच्या घशात अडकणार होतं, पण सकाळी ती आनंदात होती.

पहिल्या टेबलावर निवडणूक कार्यालयातल्या बाई मोठी यादी घेऊन बसल्या होत्या. तिथे नाव तपासायचं. दुसऱ्या टेबलावर अर्ज भरायचा. तिसऱ्यावर सराव. सरावासाठी धाकटीने खोट्या मतपत्रिका केल्या होत्या आणि त्यावर तीनच उमेदवार होते, चहा, कॉफी आणि साधं पाणी. दारावर तिने सूचना लावली होती, 'मत कोणाला द्यायचं हे इथे सांगू नये आणि विचारू नये.' त्याखाली शमाशने, म्हणजे प्रार्थनामंदिराची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याने, पेन्सिलीने भर घातली होती, 'ऐकूही नये.'

"तुमचं मत बाद," सरावाच्या टेबलावर थोरली जाऊ एका निवृत्त पियानोवाल्याला सांगत होती. "दोन फुल्या मारल्यात तुम्ही."

"मला दोन्ही लागतात. सकाळी चहा, दुपारी कॉफी."

"सरकार एकच बनवायचं असतं, काका."

थोरली दाताच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची, त्यामुळे घाबरलेल्या माणसांशी गोड बोलण्याचा तिला सराव होता. धाकटीशी मात्र ती गेलं वर्षभर मोजकंच बोलत होती. जमातीत ती धाकटीच्या आधी दहा वर्षं राबत होती आणि चिटणीसपद कोणी तिला विचारलंही नव्हतं. हे तिने तोंडाने कधी काढलं नाही. कपबशा जरा जोरात ठेवल्या, इतकंच.

कोपऱ्यात सासरे जुन्या चष्म्यांची पेटी उघडून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं होतं. ज्याला मतपत्रिका वाचता येत नव्हती त्याला ते जवळ बोलावत आणि पेटीतला एकेक चष्मा त्याच्या नाकावर चढवून बघत.

आणि दाराशी आत्या. सासऱ्यांची सख्खी धाकटी बहीण, एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर. हॉलमध्ये रांग लावायचं काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं, तरी त्यांनी ते हातात घेतलं होतं. "पुढे सरका, पुढे सरका, मध्ये जागा आहे," हे त्यांच्या तोंडून आपोआप निघत होतं.

"तिला सांगा," सासरे मान वर न करता म्हणाले, "रांग रस्त्यावर गेली. लोकांना आत घ्या."

"त्यांना सांग," आत्या धाकटीकडे बघून म्हणाल्या, "आत उभं राहायला जागा नाही. लोकांना काय छताला टांगू?"

बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. घरात लग्न असो की दुखणं, भाऊ आणि बहीण एकमेकांशी बोलायचे ते तिसऱ्याच्या मार्फत. धाकटी या घरात नऊ वर्षांपूर्वी आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला या टपालाच्या कामावर नेमलं गेलं होतं. कारण तिला तुकड्यातुकड्यात कळलं होतं. आत्या एकदा मरणाच्या दारात होत्या. सतरा दिवस शुद्ध नव्हती. तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, ते आता हयात नाहीत, जुन्या चालीप्रमाणे अंथरुणापाशी प्रार्थना करून त्यांचं नाव बदलून घेतलं. मृत्यूचा दूत ज्या नावाचा हुकूम घेऊन येतो त्या नावाचं माणूस घरात नसलं की त्याला रिकाम्या हाताने परत जावं लागतं, अशी ही चाल. अठराव्या दिवशी आत्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हापासून जुनं नाव घरात कोणी उच्चारत नव्हतं. उगाच दूताच्या कानावर जायचं.

सासरे तेव्हा परगावी होते. परत आले तर बहीण वाचलेली आणि नाव गेलेलं. ते नाव त्यांच्या आईने ठेवलं होतं, आणि आत्या सहा वर्षांच्या असतानाच आई गेली होती. "आईची एवढी एकच वस्तू उरली होती, ती कोणाला विचारून टाकलीत?" असं ते मेहुण्याला म्हणाले म्हणे. नवं नाव त्यांनी कधी घेतलं नाही आणि जुनं घेता येत नव्हतं. मग बहिणीला हाक मारायला त्यांच्याकडे काही उरलंच नाही.

साडेबाराच्या सुमाराला रांग ओसरली आणि आत्या स्वतः पहिल्या टेबलासमोर जाऊन बसल्या. सरकारी ओळखपत्र पुढे केलं. जन्मदाखल्यापासून ओळखपत्रापर्यंत सरकारी कागदांवर त्यांचं जुनंच नाव होतं. "सरकारला नाव बदलून काय सांगायचं? यमदूताचं कार्यालय वेगळं," असं त्या म्हणायच्या.

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं, थांबवलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं. मग सवयीप्रमाणे ते नाव मोठ्याने वाचलं. आडनावासकट.

शमाशने हातातला ट्रे खाली ठेवला आणि कानांवर हात नेले. "हळू, बाई, हळू," तो म्हणाला. सासऱ्यांच्या हातातला चष्मा पियानोवाल्याच्या नाकाजवळ तसाच राहिला.

"हे तुमचंच नाव?" बाईंनी विचारलं.

"आहे. पण परत म्हणू नका."

"अडचण अशी आहे, आजी, की या यादीत तुम्ही मयत आहात."

"मयत? कधीपासून?"

"गेल्या महिन्यापासून."

"गेल्या महिन्यात मला सर्दी झाली होती," आत्या म्हणाल्या, "पण इतकी नाही."

दोघेतिघे हसले. आत्या हसत नाहीत हे लक्षात आलं तेव्हा तेही गप्प झाले. बाईंनी फाइल उलटली. "मयत आणि स्थलांतरित सभासदांची माहिती आम्ही सगळ्या संस्थांकडून मागवली होती. हे तुमच्याच संस्थेकडून आलंय. एकतीस नावं. खाली चिटणीसांची सही."

गेल्या महिन्यातली ती दुपार धाकटीला जशीच्या तशी आठवली. जमातीचं जाड रजिस्टर, आणि त्यातली खोडलेली नावं ती एकामागून एक उतरवून घेत होती. शमाश मेलेल्या माणसाच्या नावावर पट्टीने लाल रेघ मारायचा आणि पुढे तारीख घालायचा. एका नावावर मात्र काळी, वाकडीतिकडी, जाड रेघ होती आणि तारीख नव्हती. तिने ते नाव कधी ऐकलंच नव्हतं, आणि आडनाव जमातीतल्या बऱ्याच घरांचं होतं. वाचनालयात नोंद खोडलेली असली की पुस्तक गेलं, हा हिशेब तिच्या हाडीमाशी इतका मुरलेला, की चौकशी करावी असं मनातही आलं नाही. नाव उतरवलं, सही ठोकली आणि पाकीट टपालात टाकलं.

"रजिस्टर कोणाकडे असतं?" सासऱ्यांचा आवाज आला. ते उठून आले होते. "शमाशकडे. म्हणजे ही शमाशची चूक. मी किती दिवस सांगतोय, त्याचे डोळे गेलेत."

शमाश चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. प्रार्थनामंदिराच्या मागच्या एका खोलीत तो राहायचा, आणि त्याला आता विश्रांती द्यावी, खोली मोकळी करून घ्यावी, हा विषय कार्यकारिणीत दोनदा येऊन गेला होता. त्याने धाकटीकडे बघितलं. रजिस्टर तिनेच नेलं होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तो नुसता ट्रे उचलून कपबशा नीट लावत राहिला.

धाकटीला वाटलं, आता बोलले नाही तर कोणाला कळणारही नाही. सही चिटणीसाची, पण माहिती शमाशची, असं म्हणून सुटता येईल. दोन क्षण तिने खरंच तो विचार केला, आणि त्या दोन क्षणांची लाज तिला पुढे बरीच वर्षं पुरली.

"शमाशकाकांनी काही केलं नाही," ती म्हणाली. "यादी मी केली, बाबा. रजिस्टरमध्ये नाव खोडलेलं दिसलं, पुढे तारीख नव्हती तरी मी मयत समजले. कोणाला विचारलं नाही. आत्या, तुम्हाला मी मारलं."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू?" एवढंच ते म्हणाले. "तुला याद्या करता येतात म्हणून मी लोकांशी भांडलो."

आता थोरली तोंडसुख घेणार, असं धाकटीने गृहीतच धरलं होतं. थोरली सरावाचं टेबल सोडून आली आणि नेमकी धाकटीच्या बाजूला उभी राहिली.

"तिला कसं कळणार, बाबा?" ती म्हणाली. "मी या घरात एकोणीस वर्षं आहे, मीही हे नाव आत्ता पहिल्यांदा ऐकलं. घरात जे नाव कोणी घ्यायचं नाही, ते कोणाचं आहे हे सुनांना स्वप्नात येतं का? ती यादी मी केली असती तरी आत्या मेल्याच असत्या."

"वा," आत्या म्हणाल्या. "म्हणजे दोघींपैकी कोणीही आली तरी मी गेलेच." पण त्यांचा आवाज चिरकला होता. "बाई, आता काय करायचं ते सांगा. मी मत दिल्याशिवाय राहायची नाही. आमच्या आजोबांच्या वेळी आपल्या लोकांना मतच नव्हतं. आईला पहिल्यांदा मिळालं तेव्हा तिने मला कडेवर घेतलं होतं आणि याला बोटाला धरून..." 'याला' म्हणताना त्यांनी भावाकडे बघितलं आणि वाक्य तसंच सोडलं.

बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी घड्याळ बघितलं. "दुरुस्ती आज एक वाजेपर्यंत होऊ शकते. नंतर यादी बंद, मग माझ्याही हातात काही नाही. रक्ताच्या नात्यातल्या माणसाने लेखी द्यायचं, की ही व्यक्ती जिवंत आहे, आणि कागदावरचं नाव व लोक हाक मारतात ते नाव एकाच व्यक्तीचं आहे. शिवाय माझ्यासमोर तोंडी सांगायचं, दोन्ही नावं घेऊन. आजींना मूलबाळ?"

"नाही."

"भाऊ-बहीण?"

सगळा हॉल जमिनीकडे बघायला लागला. पियानोवाला तर खोटी मतपत्रिका वाचण्यात गढून गेला.

"तिला विचारा," सासरे घसा साफ करून म्हणाले, "तिची हरकत आहे का."

"त्यांना सांग," आत्या म्हणाल्या, "हरकत असण्याएवढी मी जिवंत नाहीये."

धाकटीला हसू आणि रडू एकदमच आलं. "मी नाही सांगणार," ती म्हणाली. "आज नाही. आज तुम्ही समोरासमोर आहात, बाबा. दोन हातांवर."

"रजिस्टर आण," सासरे शमाशला म्हणाले. "ती रेघ मला बघू दे. तारीख नाही म्हणते ही. तारखेशिवाय नाव खोडलं कोणी?"

शमाश हलला नाही. "राहू द्या, अध्यक्ष. कशाला?"

"आण म्हणतो ना."

रजिस्टर आलं. सासऱ्यांनी पान उलटलं आणि स्वतःचा चष्मा काढून पुसला. पुन्हा चढवून बघितलं. दुसऱ्याच्या डोळ्यांत चाळीस वर्षं बघितलेल्या माणसाला ती रेघ ओळखायला वेळ लागला नाही. इतक्या जोरात ओढली होती की कागद एका जागी फाटला होता.

"ही माझी आहे," ते म्हणाले.

त्यांनी फाटलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"परगावाहून आलो त्या संध्याकाळी. तुझ्या घरून थेट इथे आलो होतो." ते आता तिसऱ्या कोणाशी बोलत नव्हते, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. "हा शमाश दिवा लावत होता. मी म्हटलं रजिस्टर दे. त्याने दिलं. मी म्हटलं, ते नाव ठेवायचं नाही ना, घ्या, नाही ठेवत. आणि खोडलं. त्याने मला अडवलं होतं. मी त्याला काहीबाही बोललो. आणि मग विसरलो. खरंच विसरलो गं. राग आठवत राहिला, रेघ विसरलो."

शमाश म्हणाला, "पुढल्या पानावर मी नवं नाव लिहून ठेवलं होतं, अध्यक्ष. पण या पानाला हात लावायची हिंमत नाही झाली."

"आणि आत्ता मी तुझ्यावर ढकललं, तरी गप्प राहिलास?"

"तुमच्या घरातलं भांडण. मी मध्ये काय बोलू?"

सासरे त्याच्याकडे बघत राहिले. मग धाकटीकडे वळले. "तुझी चूक एवढीच, की तू विचारलं नाहीस. बाकीची माझी." चिटणीसपदाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत, आणि धाकटीचा जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धा अजून घड्याळात होता. एकला दहा मिनिटं कमी होती.

बाईंनी कागद पुढे सरकवला. सासऱ्यांनी सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं. जुनं नाव लिहिताना त्यांचं अक्षर एकदम सुरेख आलं. नव्या नावापाशी पेन थबकलं. मग तेही लिहिलं, जरा तिरकं.

"दुरुस्तीचं कारण," बाई म्हणाल्या. "इथे 'लेखनिकाची चूक' लिहा. सगळे तेच लिहितात."

"लेखनिकाची नाही," सासरे म्हणाले आणि लिहू लागले, 'भावाने रागाच्या भरात...'

"अहो साहेब, एवढं नको. चौकटीत मावणार नाही."

"मावेल," आत्या म्हणाल्या. "बारीक लिहू दे त्याला."

त्यांनी बारीक लिहिलं. दुकानातल्या डोळे तपासायच्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळ असते तेवढं बारीक.

"आता तोंडी," बाईंनी विचारलं. "या तुमच्या कोण?"

"माझी बहीण. सख्खी."

"जन्माचं नाव?"

सासऱ्यांनी जुनं नाव घेतलं. कागदावरचं लांबलचक नाही, तर आई घरात घ्यायची तसं, शेवट तोडून. आत्यांनी डोळे घट्ट मिटले. शमाश कानांवर हात नेता नेता थांबला.

"आणि आता लोक कोणत्या नावाने ओळखतात?"

धाकटी घड्याळाकडे बघायचं विसरली. थोरलीने तिचा हात कधी धरला हे दोघींनाही कळलं नाही. सासऱ्यांचे ओठ दोनदा हलले. बावीस वर्षं तोंडात न घेतलेला शब्द जिभेला सापडत नव्हता. मग त्यांनी ते नाव घेतलं. बाईंकडे बघून नाही, बहिणीकडे बघून.

"ओ," आत्या म्हणाल्या.

बाईंनी शिक्का मारला, सही केली, यादीतल्या ओळीपुढे दुरुस्ती नोंदवली. "झालं, आजी. आता अर्ज भरून घ्या. शनिवारच्या आधी मत देऊन टाका."

आत्या उठल्या नाहीत. भाऊ पेनाला टोपण लावत होता आणि ते बसत नव्हतं.

"घाबरलीस का?" त्याने विचारलं. "जुनं नाव घेतलं तेव्हा?"

"घाबरले तर. अजून छातीत धडधडतंय." त्यांनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि टोपण लावलं. "पण दादा, आई गेल्यावर तसं शेवट तोडून मला हाक मारणारा तू एकटाच होतास. दुखण्यातून उठले आणि तुझी हाक बंद झाली. मला कैकदा वाटायचं, वाचले कुठे मी, तो दूत बाकी सगळ्यांना फसवून गेला आणि मला घेऊनच गेला."

सासऱ्यांनी मान हलवली आणि बहिणीला उठायला हात दिला.

एक वाजला. बाई यादी बंद करून पिशवीत ठेवू लागल्या. आत्या दुसऱ्या टेबलाकडे गेल्या, अर्जाच्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. सासऱ्यांनीही आपला अर्ज अजून भरला नव्हता, तेव्हा ते त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.